अंगणातील तुळस आणि निंबोळीची साक्ष



मराठी घराच्या अंगणात किंवा सज्जात दुसरे काही नसले तरी तुळशीचे एक रोप असतेच. तिच्या शेजारी देवाच्या फुलांसाठी जास्वंद, फोडणीसाठी कढीपत्ता, जागा असेल तर लिंबाचे झाड आणि हौस असेल तर चार कुंड्यांमध्ये मिरची व टोमॅटो, असा हा छोटासा संसार असतो. या बागेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यातील जवळजवळ प्रत्येक पान आणि फूल एक तर देवाच्या चरणी जाते किंवा माणसाच्या मुखात. तुळशीचे पान नैवेद्यावर ठेवले जाते, तीर्थात पडते, खोकला झालेल्या बालकाला काढ्यातून दिले जाते. शेतातील पिकाला फवारणी आणि काढणी यांच्यात काही दिवसांचे अंतर ठेवता येते. तुळशीची काढणी मात्र रोज सकाळी होते.

आणि नेमकी हीच तुळस पावसाळा सरत आला की आक्रसू लागते. पाने वळतात, करपल्यासारखी दिसतात, गळतात. पान उलटून पाहिले तर खाली काळे ठिपके आणि त्यांत सावकाश हालणारे, जाळीदार पंखांचे बारीक ढेकूण दिसतात. घरातील कर्ता माणूस रोपवाटिकेत जातो आणि एखादे ‘जोरदार औषध’ मागतो. त्याला एक बाटली मिळते. बहुतेक वेळा तिच्यातील द्रव्य आंतरप्रवाही असते, म्हणजे ते मुळांवाटे किंवा पानांवाटे रोपाच्या रसात शिरते आणि सर्व अंगांत पसरते. रस शोषणारा कीटक म्हणूनच मरतो. परंतु जे पानाच्या रसात आहे, ते पान धुऊन जाणार नाही, ही साधी गोष्ट त्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच तुळशीची दले तीर्थाच्या पंचपात्रात पडतात.

या द्रव्यांना ‘औषध’ म्हणण्याची सवय आपल्या भाषेत कशी रुजली, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर एक तिरका चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे अतितीव्र विष. कायद्याने ते चिन्ह तेथे आहे. दुकानदार आणि ग्राहक दोघेही मात्र त्याला औषधच म्हणतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा या शब्दाचा खरा अर्थ महाराष्ट्राला कळला. त्या शेतमजुरांपुढे पोटाचा प्रश्न होता. घरच्या बागेत तसली कोणतीही निकड नसते. तेथे मूठभर झाडे असतात, ती रोज डोळ्यांसमोर असतात आणि हातांनी वेचता येईल एवढीच कीड असते. म्हणून विषमुक्तीचा आरंभ करण्यास घराच्या बागेइतकी सोयीची जागा नाही.

झाडालाही रोग होतो आणि त्याचीही चिकित्सा करावी लागते, हा विचार या भूमीला नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. रोगट झाडाचा दूषित भाग आधी शस्त्राने काढून टाकावा आणि मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, असा उपचार त्यात सांगितला आहे. उपचाराचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी छाटणी, मग लेप. आजचा उद्यानतज्ज्ञही कीड लागलेली फांदी प्रथम कापावयास सांगतो. सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा तर या विषयाला वाहिलेला संपूर्ण ग्रंथ. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पडून होती. डॉ. यशवंत नेने यांच्या प्रयत्नाने ती भारतात आली आणि डॉ. नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 1996 साली एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केला. डॉ. नेने हे जुन्याचे नुसते गोडवे गाणारे गृहस्थ नव्हते. तराई भागातील भाताचा ‘खैरा’ रोग जस्ताच्या अभावामुळे होतो, हे 1966 साली दाखवून देणारे ते वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. अशा माणसाला हा ग्रंथ अभ्यासण्याजोगा वाटला, यातच त्याचे मोल आले. मात्र आपल्याच पूर्वजांची पोथी वाचण्यासाठी ती परदेशातून मागवावी लागली, ही गोष्ट अभिमानाबरोबर थोडी अस्वस्थताही देणारी आहे.

हीच अस्वस्थता कडुनिंबाच्या बाबतीत अधिक तीव्रतेने अनुभवास आली. गुढीपाडव्याला कडुनिंबाचे पान खाल्ल्याशिवाय मराठी वर्ष सुरू होत नाही. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणे, लोकरीच्या कपड्यांच्या घड्यांत पाने ठेवणे, हे घरोघरी चालत आले. पण ते ‘का’ चालते, याचा शोध विसाव्या शतकात सुरू झाला. 1942 साली सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी निंबोळीच्या तेलातून निंबिन हे द्रव्य वेगळे केले. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली असता हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला दिसले, की टोळांनी सारे फस्त केले तरी कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी उभी होती. पुढे 1962 साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाण्यातील मिश्रण पिकांवर फवारून पाहिले. टोळ त्या पिकांवर उतरले, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत. 1968 साली इंग्लंडमध्ये निंबोळीतून अझाडिरेक्टिन हे मुख्य द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली, की ते प्रयोगशाळेत प्रथमपासून तयार करण्यास केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला बावीस वर्षे लागली. ते काम 2007 साली पूर्ण झाले. जे रसायन घडविण्यास शास्त्रज्ञांना दोन तपे लागली, ते रस्त्याकडेचे झाड दर ज्येष्ठ-आषाढात टोपल्या भरभरून खाली टाकते!

या संपत्तीवर कुणाचा डोळा जाणार नाही, असे मानणे भाबडेपणाचे होते. 1994 साली युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही बहुराष्ट्रीय कंपनी यांना निंबोळी तेलाच्या अर्काने वनस्पतींवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीचे पेटंट दिले. त्याविरुद्ध 1995 साली डॉ. वंदना शिवा यांची संस्था, युरोपीय संसदेतील हरित गट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी एकत्र येऊन आव्हान दिले. मे 2000 मध्ये म्युनिकला पेटंट रद्द झाले आणि मार्च 2005 मध्ये कंपनीचे अपीलही फेटाळले गेले.

हा विजय सर्वांना ठाऊक आहे. तो कसा मिळाला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही आणि महत्त्वाचे तर तेच आहे. ‘आमच्याकडे हजारो वर्षांपासून कडुनिंब वापरतात’ हे वाक्य भावनेला भिडते, पेटंटच्या न्यायासनाला ते पुरत नाही. तेथे प्रश्न असतो, की नेमकी हीच कृती, याच स्वरूपात, अर्जाच्या तारखेपूर्वी लोकांसमोर झाली होती काय? त्याचे उत्तर एका भारतीय उत्पादकाच्या साक्षीने दिले. 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील पुणे व सांगली जिल्ह्यांत निंबोळीच्या अर्काच्या प्रत्यक्ष शेतावर चाचण्या झाल्या होत्या. त्यांची माहिती तारखेसह न्यायासनापुढे ठेवता आली आणि नावीन्याचा दावा तेथे ढासळला. हळदीच्या प्रकरणातही असेच घडले होते. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर 1995 साली दिलेले अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 1997 साली रद्द करवून घेतले, ते जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील लेखी आधार गोळा करून. परंपरेचा अभिमान हवाच, पण साक्षीच्या पिंजऱ्यात अभिमान उभा राहत नाही, तेथे कागद उभा राहतो.

म्हणूनच घराच्या बागेतही ‘अमक्याने सांगितले’ यापेक्षा स्वतः करून पाहिलेले आणि लिहून ठेवलेले अधिक मोलाचे. निंबोळी अर्काचेच पाहा. पुष्कळ घरी कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी फवारले जाते आणि गुण आला नाही की ‘नैसर्गिक उपायांत काही दम नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक अझाडिरेक्टिनचा खरा साठा बियांच्या गरात असतो. पानांत तो अत्यल्प. शिवाय उष्णतेने ते द्रव्य बिघडते. म्हणजे चुकीचा भाग घ्यायचा, चुकीच्या रीतीने शिजवायचा आणि दोष पूर्वजांच्या माथी मारायचा, असा हा प्रकार आहे.

योग्य रीत अशी आहे. झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा कराव्यात, साल व गर धुऊन काढावा आणि बिया सावलीत चांगल्या वाळवाव्यात. ओलसर बियांवर बुरशी येते आणि मग त्या निकामी होतात. वाळलेल्या बिया गोणपाटाच्या किंवा कापडी पिशवीत ठेवाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. तीन महिन्यांनंतर त्या वापरण्यास उत्तम, आठ-दहा महिन्यांनंतर त्यांचा गुण उतरत जातो. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी बियांच्या आतील मगज काढून भरड कुटावा. एका लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम, हे पाच टक्के अर्काचे प्रमाण. ही भरड फडक्यात बांधून गार पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी, सकाळी पुरचुंडी पुन्हा पुन्हा पिळून पांढरट अर्क काढावा, वस्त्रगाळ करावा आणि त्यात थोडे रिठ्याचे पाणी किंवा साधा कपड्याचा साबण चिमूटभर विरघळवावा, म्हणजे अर्क पानाला धरून राहतो. फवारणी ऊन उतरल्यावर करावी, कारण सूर्यप्रकाशात हे द्रव्य लवकर विघटित होते. पानांच्या खालच्या बाजूस फवारा पोचला पाहिजे. कीड तेथेच बसते. तयार अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

आणि मग वाट पाहावी. येथेच अनेकांची निराशा होते. बाटलीतील विषाने तासाभरात किडे पाय वर करून पडतात. निंबोळीने तसे होत नाही. ती किडीची खाण्याची इच्छा मारते, तिच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते, अंडी घालण्याची शक्ती कमी करते. किडा झाडावर दिसत राहतो, पण झाडाचे नुकसान थांबते आणि पुढची पिढी येत नाही. आठवड्याने एकदा, असे दोन-तीन वेळा फवारल्यावर फरक कळतो. ज्यांना निंबोळ्या मिळत नाहीत त्यांनी निंबोळीचे तेल लिटरला पाच मिलिलिटर या प्रमाणात, आधी साबणाच्या पाण्यात चांगले घुसळून, वापरण्यास हरकत नाही. फक्त प्रथम एका फांदीवर फवारून दोन दिवस पाहावे. तेल जास्त झाले किंवा भर उन्हात फवारले तर कोवळी पाने करपतात. तुळशीवरील ढेकणांसाठी आधी वळलेले शेंडे आणि मंजिऱ्या खुडून नष्ट कराव्यात आणि मग हा फवारा द्यावा. दोन-चार दिवस त्या रोपाची पाने तोडू नयेत, तोडताना धुऊन घ्यावीत, एवढेच पथ्य.

निंबोळीच्या पुढची पायरी म्हणजे किडीची ओळख. बागेतील प्रत्येक किडा शत्रू नसतो, किंबहुना पुष्कळसे मित्रच असतात. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर हिरवा-काळा मावा दाटतो. माव्याची मादी नराशिवायही थेट पिले घालते आणि ती पिले आठवड्याभरात पुन्हा प्रसवतात, त्यामुळे काल रिकामा असलेला शेंडा आज भरलेला दिसतो. त्याच फांदीवर मुंग्यांची ये-जा असते. मुंग्या मावा खात नाहीत. त्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस त्या गोळा करतात आणि गवळ्याने गुरे राखावीत तसा मावा राखतात, त्याच्यावर येणाऱ्या शत्रूंना हुसकावतात. म्हणून माव्याचा बंदोबस्त मुंगीच्या वाटेपासून सुरू होतो. बुंध्याभोवती गोणपाटाची पट्टी बांधून तिला वंगण फासले, कुंड्यांच्या पायाखाली पाण्याच्या थाळ्या ठेवल्या आणि भिंतीला टेकलेली फांदी छाटली, की राखणदार दूर होतात. नंतर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुवावेत. पुढचे काम ठिपकेदार ढालकिडा करतो, ज्याला इंग्रजी शाळेतील मुले लेडीबर्ड म्हणतात. त्याची अळी काळी, नारिंगी पट्ट्यांची, मगरीच्या पिलासारखी दिसते. तिचे रूप पाहूनच लोक घाबरतात आणि तिला चिरडतात. वास्तविक ती दिवसाला कितीतरी मावा फस्त करणारी रखवालदार असते.

पिठ्या ढेकणाच्या बाबतीत हा घोटाळा अधिकच होतो. 1898 साली कॉफीच्या मळ्यांतील खवले किडीसाठी ऑस्ट्रेलियातून क्रिप्टोलिमस नावाचा भुंगा भारतात आणला गेला. आज तो द्राक्षबागांत पिठ्या ढेकणाचा वैरी म्हणून ओळखला जातो. त्याची अळी मेणचट पांढऱ्या धाग्यांनी झाकलेली, हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. अर्धवट माहितीवर चालणारा माणूस शत्रूबरोबर आपला सैनिकही साबणाच्या पाण्यात बुडवतो. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. पिठ्या ढेकूण एका जागी चिकटलेला असतो. ही अळी मोठी आणि चपळ असते.

पिठ्या ढेकणाची गोष्ट निघाली आहे तर पपईचा प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 2008 साली कोइमतूर परिसरात पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण आढळला. मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेचा हा कीटक पाहता पाहता दक्षिणेत आणि महाराष्ट्रातही पसरला. पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद, काहीच त्याने सोडले नाही. शेतकऱ्यांनी विषामागून विष फवारले. मेणाच्या कवचाखाली बसलेल्या किडीवर त्याचा उपयोग होईना. मेले ते आसपासचे मित्रकीटक. शेवटी 2010 साली बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून असेरोफॅगस पपायी ही एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी आणविली. तिच्यावर विलगीकरणात कसून परीक्षा झाली आणि मग ती सोडण्यात आली. ही माशी पिठ्या ढेकणाच्या शरीरात अंडे घालते, अळी त्याला आतून पोखरते. काही महिन्यांतच प्रकोप ओसरला. ज्यांनी आधीच फवारणी थांबविली होती, त्यांच्याकडे ती लवकर स्थिरावली. स्वदेशीचा विचार मानणाऱ्यांनी येथे एक गोष्ट मोकळ्या मनाने नोंदवावी. जो शत्रू परदेशातून येतो, त्याचा नैसर्गिक वैरीही पुष्कळदा त्याच देशात सापडतो आणि तो पारखून घेण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या बाजूला 2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा त्याला खाणारी डिफा नावाची अळी येथलीच निघाली. शेतकऱ्यांनी ती एकमेकांच्या फडांत पाने नेऊन पसरविली. त्या कामासाठी कोणत्याही बाटलीची गरज पडली नाही.

घरच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण थोडा असेल तर जुन्या दातघासणीने आणि साबणाच्या पाण्याने घासून काढावा, जास्त असेल तर फांदी कापून पिशवीत बांधून टाकावी. उकिरड्यावर उघडी टाकली तर तो पुन्हा चढतो. पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम नावाच्या उपकारक बुरशीची भुकटी लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात फवारली तर चांगला गुण येतो. ती कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांत मिळते. कोरड्या उन्हाळ्यात मात्र ती वाया जाते. आसपास वाढलेले गाजरगवतही उपटावे, कारण कपाशीवरील पिठ्या ढेकणाचे ते हक्काचे आश्रयस्थान आहे.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते, मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि बोट लावले की डोक्यामागून शिंगे काढून उग्र वास सोडते. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. 2015 साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या नीलवंताची अळीही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. अशा चार-सहा अळ्यांसाठी विष फवारणे म्हणजे राज्याच्या मानचिन्हावरच फवारणे. झाड मोठे असेल तर त्या तशाच राहू द्याव्यात, पक्षी आणि गांधीलमाश्या आपला वाटा उचलतात. रोप लहान असेल तर काडीने उचलून बेलाच्या झाडावर सोडाव्यात.

उन्हाळ्यात गुलाबाची पाने फिकट, धुरकट पडून खाली बारीक जाळी दिसू लागली तर तो लाल कोळी. त्याला धूळ आणि कोरडेपणा आवडतो. पानांच्या मागील बाजूने तीन-चार दिवस पाणी मारले तरी त्याचे बस्तान मोडते. मिरचीवरील फुलकिडे आणि टोमॅटोवरील पांढरी माशी यांना रंगांचा मोह असतो. पांढऱ्या माशीसाठी पिवळा, फुलकिड्यांसाठी निळा. जुन्या डब्याला तो रंग देऊन एरंडेल फासून रोपांच्या उंचीवर टांगला की झाला सापळा. आंब्याच्या फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा तयार केला, तो मिथाइल युजेनॉल या द्रव्याच्या गंधावर नरमाशीला ओढून घेतो. हे द्रव्य तुळशीच्या पानांतही असते. तुळशीवृंदावन बागेच्या मध्यभागी का, याची अनेक उत्तरे असतील; त्यात या एका उत्तराची भर घालावी किंवा न घालावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज मात्र सोडला पाहिजे. तंबाखूचा काढा पुष्कळ जण सुचवितात. निकोटीन हे वनस्पतिजन्य असले तरी माणसासाठी जालीम विष आहे, ते कातडीतूनही शरीरात शिरते आणि मधमाश्यांनाही मारते. शिवाय तंबाखूतून विषाणुजन्य केवडा रोग मिरची-टोमॅटोला लागू शकतो. विदर्भाचे पद्मश्री सुभाष पाळेकर यांनी देशी गाईच्या गोमूत्राधारित निमास्त्र, अग्निअस्त्र यांचा प्रसार केला आणि सेंद्रिय शेतकऱ्यांत दशपर्णी अर्क रूढ आहे. शेतावर ही साधने स्वस्त आणि स्वावलंबी आहेत, याचे श्रेय निःसंशय द्यावे. परंतु दशपर्णीत अनेकदा कण्हेर आणि मोगली एरंड असतात, आणि ही दोन्ही झाडे विषारी आहेत. लहान मुले वावरणाऱ्या घरात असे पिंप उघडे ठेवू नये आणि खाण्याच्या पालेभाजीवर हा अर्क फवारू नये. गुणधर्मांचे दावेही तुलना करूनच स्वीकारावेत. चार कुंड्यांवर फवारावे, चार कुंड्या तशाच ठेवाव्यात आणि वहीत दोन्हीकडचे लिहावे. पुणे-सांगलीच्या शेतांवर झाले ते याहून फार वेगळे नव्हते.

कीड वारंवार येत असेल तर दोष बहुधा खताचा असतो. युरियाच्या मुठीने रोप लुसलुशीत होते आणि मावा त्या लुसलुशीत शेंड्यांचाच भोक्ता आहे. त्याऐवजी शेणखत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड द्यावी. पेंडीमुळे मुळांवरील सूत्रकृमी कमी होतात आणि नत्र सावकाश मिळते. 2015 पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, तो याच गुणामुळे. कडेने झेंडूची रांग लावावी. तिच्या मुळांतील द्रव्यही सूत्रकृमींना मारते आणि दसऱ्याला तोरणाची सोय होते.

राहिली शंखी गोगलगाय. विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रजाने 1847 साली मॉरिशसहून आणून ती कोलकात्याच्या एका बागेत सोडली, तेव्हापासून ती या देशाची पाहुणी झाली आहे. तिच्यावर निंबोळीचा फारसा इलाज चालत नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बागेत ओली गोणपाटे पसरून ठेवावीत, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातात पिशवी किंवा मोजा घालून वेचाव्यात आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. उघड्या हाताने मात्र त्यांना शिवू नये, कारण त्यांच्या अंगात मेंदूला अपाय करणारे जंतू असू शकतात. हे काम आषाढभर चिकाटीने करावे लागते, आणि त्याच दिवसांत रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. पावसाने त्या कुजण्यापूर्वी वेचून सावलीत पसरल्या, की दिवाळीपासून पुढच्या होळीपर्यंतची बेगमी होते.